दोन ‘जग’ आणि एक टिंब : संरचनावादी भाषाविज्ञान म्हणजे काय

‘जग’ हा शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहा : एकदा ‘विश्व’ या अर्थाने, आणि एकदा ‘तू शंभर वर्षे जग’ या वाक्यातले क्रियापद म्हणून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणताना मात्र पहिल्या ‘ज’साठी जीभ टाळूकडे उचलली जाते, तर दुसऱ्या ‘ज’साठी तिचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. ‘चार’ ही संख्या आणि ‘गाईला चारा चार’ यातला ‘चार’, किंवा ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’, या जोड्यांतही हाच फरक आहे. प्रमाण मराठी बोलणारा माणूस, त्याने व्याकरणाचे पुस्तक कधी उघडलेले नसले तरी, यांत गल्लत करत नाही.

आता ‘पंख’, ‘पंच’, ‘खंड’, ‘पंत’ आणि ‘लांब’ हे शब्द सावकाश म्हणा. लिपीत पाचही ठिकाणी एकच टिंब आहे. पण जीभ आणि ओठ पाच वेगवेगळ्या जागी जातात आणि अनुक्रमे ङ्, ञ्, ण्, न्, म् असे पाच नाद निघतात. भौतिकदृष्ट्या हे फरक दोन ‘ज’मधल्या फरकापेक्षा काही कमी नाहीत, तरीही कोणी मुद्दाम दाखवून दिल्याशिवाय ते आपल्या लक्षात येत नाहीत. म्हणजे कोणता फरक ‘फरक’ म्हणून मोजायचा, हे केवळ कान किंवा जीभ ठरवत नाही. ते त्या त्या भाषेची व्यवस्था ठरवते. संरचनावादी भाषाविज्ञानाचे बहुतेक सगळे सिद्धान्त या एका निरीक्षणातून उलगडतात, आणि म्हणूनच व्याख्या आणि संज्ञा यांच्या आधी ते सांगितले.

या विचाराचे जनक मानले जाणारे फेर्दिनां द सोस्यूर यांचा जन्म 1857 साली जिनिव्हा येथे झाला. ते शिकले त्या काळात भाषेचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे भाषेच्या इतिहासाचा अभ्यास, असेच समीकरण होते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची तुलना करायची, ध्वनिपरिवर्तनाचे नियम शोधायचे आणि त्यांवरून या सर्वांची हरवलेली मूळ भाषा उभी करायची, हे तेव्हाचे मोठे काम होते, आणि जर्मनीतले लाइपझिग हे त्याचे प्रमुख केंद्र होते. सोस्यूर तिथेच शिकले. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृतमधील षष्ठीच्या एका विशिष्ट प्रयोगावर होता आणि पुढे जिनिव्हात त्यांनी अनेक वर्षे संस्कृत शिकवले. ज्या परंपरेला त्यांनी नंतर वेगळे वळण दिले, तिच्यात ते असे आतून मुरलेले होते.

वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी मूळ इंडो-युरोपीय भाषेतील स्वरांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यातली गोष्ट थोडी तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण संरचनेचा विचार म्हणजे काय, हे नंतरच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा तिच्यातून अधिक स्पष्ट होते. संस्कृत, ग्रीक वगैरे भाषांतील काही दीर्घ स्वर बाकीच्या स्वरांच्या नियमित अदलाबदलीत बसत नव्हते. सोस्यूर यांनी असा तर्क केला की, मूळ भाषेत आणखी काही घटक असले पाहिजेत, ते पुढे सर्व ज्ञात भाषांतून नाहीसे झाले असले पाहिजेत, आणि जाताजाता त्यांनी शेजारचा स्वर दीर्घ केला असला पाहिजे. तसे मानले की अपवाद वाटणारी रूपे सरळ नियमात बसत होती. या घटकांचा उच्चार कसा होता, याबद्दल त्यांनी फारसे काही सांगितले नाही. व्यवस्थेत त्यांची जागा कोणती, एवढेच सांगितले. कोणत्याही शिलालेखात किंवा पोथीत न सापडलेल्या वर्णांवर विश्वास ठेवायला त्या काळचे बहुतेक विद्वान अर्थातच तयार नव्हते.

पुढे तुर्कस्तानातल्या उत्खननात हित्ती भाषेच्या मातीच्या पाट्या सापडल्या आणि ही भाषा इंडो-युरोपीय कुळातली असल्याचे 1915 साली बेद्रिख ह्रोझ्नी यांनी दाखवले. 1927 मध्ये येझी कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने निदर्शनास आणले की, सोस्यूर यांनी जिथे नाहीसा झालेला घटक कल्पिला होता, नेमक्या तशा जागी हित्तीमध्ये घशातून येणारा एक ‘ह’सारखा वर्ण लिहिलेला आहे. ‘भूप’, ‘नृप’ या शब्दांत दडलेला संस्कृतचा ‘पा’ म्हणजे ‘रक्षण करणे’ हा धातू घ्या. हित्तीमध्ये त्याच अर्थाचे क्रियापद ‘पह्स्’ असे आहे. संस्कृतमध्ये ‘ह’ गेला आणि ‘आ’ दीर्घ होऊन राहिला. सोस्यूर 1913 मध्येच वारले होते, त्यामुळे हे त्यांना कळले नाही. आपल्याला यातून घ्यायचे आहे ते असे : त्यांनी तो घटक ऐकला नव्हता, पाहिला नव्हता, केवळ इतर घटकांशी त्याचे नाते कसे असले पाहिजे यावरून तो ओळखला होता. घटकाची ओळख म्हणजे त्याची व्यवस्थेतील जागा, हे सूत्र तिथे आधीच काम करत होते.

ज्या पुस्तकामुळे सोस्यूर यांचे नाव झाले, ते मात्र त्यांनी स्वतः लिहिलेले नाही. 1907 ते 1911 या काळात त्यांनी जिनिव्हा विद्यापीठात सामान्य भाषाविज्ञानावर तीन वेळा व्याख्यानमाला दिली. त्यांच्या मृत्यूनंतर शार्ल बायी आणि आल्बेर सशे या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून, त्यांची जुळवाजुळव करून 1916 साली ‘सामान्य भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम’ या अर्थाच्या शीर्षकाचा फ्रेंच ग्रंथ सिद्ध केला. हे दोघे स्वतः त्या वर्गांत बसलेले नव्हते. त्यामुळे त्यातला शब्द न् शब्द सोस्यूर यांचा मानणे धोक्याचे आहे, आणि 1996 मध्ये त्यांच्या घराण्याच्या वास्तूत त्यांचे हस्तलिखित कागद सापडल्यावर हा वाद अधिकच रंगला. तरीही विसाव्या शतकावर परिणाम झाला तो या संपादित ग्रंथाचाच, म्हणून पुढचे विवेचन त्याला धरून आहे.

त्यात पहिली गोष्ट अशी सांगितली आहे की, ‘भाषा’ या सैल शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. एक म्हणजे समाजातल्या सर्वांच्या मनात असलेली, कोणा एकाच्या मर्जीने न बदलणारी व्यवस्था, आणि दुसरी म्हणजे त्या व्यवस्थेच्या आधारे कोणी एकाने, एका क्षणी केलेले प्रत्यक्ष बोलणे. बोलताना आपण अडखळतो, वाक्य अर्धवट सोडतो, सर्दी झाली तर ‘म’चा ‘ब’ होतो. यांतल्या कशानेही मराठीची व्यवस्था बदलत नाही. भाषाविज्ञानाचा मुख्य विषय ही भाषाव्यवस्था असावा, प्रत्यक्ष भाषण नव्हे, असे सोस्यूर यांचे म्हणणे होते.

दुसरी गोष्ट काळाची. ‘गवेषणा’ या शब्दाचा मूळ अर्थ गाईंचा शोध असा आहे, पण आज गवेषणा करणाऱ्याला गाईंची माहिती असावी लागत नाही आणि हा शब्द ऐकणाऱ्यालाही ती लागत नाही. बोलणाऱ्याच्या मनात शब्दाचा इतिहास नसतो. असते ती त्या क्षणी अस्तित्वात असलेली शब्दांची परस्पर मांडणी. तेव्हा भाषेचा एका काळातला आडवा छेद घेऊन केलेला अभ्यास, म्हणजे एककालिक अभ्यास, आणि काळाच्या ओघातील बदलांचा कालक्रमिक अभ्यास हे वेगळे ठेवले पाहिजेत. सोस्यूर बुद्धिबळाचा दाखला देत : डावाची सध्याची स्थिती समजण्यासाठी आधीच्या चाली ठाऊक असण्याची गरज नसते.

तिसरी आणि सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे भाषिक चिन्हाची कल्पना. शब्द म्हणजे वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. चिन्हाला दोन बाजू असतात : नादाची मनातील प्रतिमा, म्हणजे चिन्हक, आणि त्याच्याशी जोडलेली संकल्पना, म्हणजे चिन्हित. या दोहोंचा संबंध यादृच्छिक आहे. झाडाच्या अंगी असे काही नाही की ज्यामुळे त्याला ‘झाड’च म्हणावे. यावर अनुकरणवाचक शब्दांचा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण मराठी कोंबडा ‘कुकूचकू’ करतो, फ्रेंच कोंबडा ‘कोकोरिको’ आणि इंग्रजी कोंबडा ‘कॉक-अ-डूडल-डू’. कोंबडे सगळीकडे सारखेच आरवतात आणि लिहिताना मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत आरवतात.

केवळ नावे यादृच्छिक आहेत एवढेच सांगितले असते, तर त्यात नवे काही नव्हते. ते तत्त्वज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. सोस्यूर पुढे जाऊन म्हणतात की संकल्पनांच्या सीमासुद्धा भाषाच आखते. हिंदीतला ‘कल’ आणि मराठीतला ‘काल’ उच्चाराने जवळजवळ सारखे आहेत. पण हिंदीत ‘कल’ कालचाही आणि उद्याचाही, तर मराठीत ‘काल’च्या शेजारी ‘उद्या’ उभा असल्याने ‘काल’ला अर्ध्याच जागेवर समाधान मानावे लागते. याबद्दल हिंदीला हसणारा मराठी माणूस ‘परवा’ मात्र मागचाही म्हणतो आणि पुढचाही. तसेच ‘आम्ही’चे. ऐकणाऱ्याला वगळण्याचा जो अर्थ या शब्दात आहे, तो त्याच्या पोटातून आलेला नाही. शेजारी ‘आपण’ आहे म्हणून आला आहे. उद्या ‘आपण’ भाषेतून गेला, तर ‘आम्ही’ला कोणी हात न लावताही त्याचा अर्थ रुंदावेल. शब्दाला असे शेजाऱ्यांमुळे मिळणारे जे स्थान, त्याला सोस्यूर ‘मूल्य’ म्हणतात, आणि भाषेत केवळ भेद आहेत, स्वयंभू घटक नाहीत, हे त्यांचे टोकाचे वाटणारे विधान याच अर्थाने घ्यायचे.

हे भेद दोन दिशांनी काम करतात. ‘पोरीने दिवा लावला’ या वाक्यात ‘दिवा’ आणि ‘लावला’ एकमेकांना बांधलेले आहेत : ‘दिवा’च्या जागी ‘पणती’ आणली की ‘लावली’ म्हणावेच लागते. हे पुढेमागे असलेल्या शब्दांमधले जोडणीचे नाते. त्याच वेळी ‘दिवा’च्या जागी जे येऊ शकले असते आणि आले नाही, ते ‘कंदील’, ‘पंखा’, ‘झाड’ हे सगळे शब्द वाक्यात नसूनही पार्श्वभूमीला हजर असतात. हे निवडीचे नाते. न आलेल्या गोष्टीला असे महत्त्व देणे आपल्याकडच्या व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. ‘एक दगड’ आणि ‘दोन दगड’ यांत अनेकवचनाचा प्रत्यय दिसत नाही, पण ‘झाड’ आणि ‘झाडे’ यांच्याशी ताडून पाहिल्यावर तिथे काहीतरी असायला हवे होते आणि ते नाही, असे म्हणता येते. पाणिनीने अशा न दिसण्यालाच ‘लोप’ अशी संज्ञा देऊन नियमांत बसवले होते, आणि संरचनावाद्यांचे ‘शून्यरूप’ हे त्याचेच भावंड आहे.

सोस्यूर यांनी दिली ती तत्त्वे. त्यांचे हत्यारात रूपांतर केले ते प्राग येथील अभ्यासमंडळाने. 1926 साली स्थापन झालेल्या या मंडळातले निकोलाय त्रुबेत्स्कोय आणि रोमान याकॉबसन हे दोघे रशियन विद्वान सर्वांत महत्त्वाचे. त्यांनी ‘स्वनिम’ ही कल्पना, जी कझानमध्ये बोदुएं द कुर्तने यांनी पूर्वीच मांडली होती, काटेकोर केली. स्वनिम म्हणजे ज्याला स्वतःचा अर्थ नाही पण जो बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो असा लहानात लहान घटक. तो शोधण्याची परीक्षा अगदी साधी आहे : केवळ एका जागी फरक असलेली शब्दांची जोडी घ्यायची. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘दार’ आणि ‘धार’ या जोड्या सांगतात की मराठीत महाप्राण, म्हणजे व्यंजनाबरोबर येणारा श्वासाचा झोत, हा अर्थभेदक आहे. इंग्रजीतही शब्दारंभीच्या ‘प’बरोबर श्वासाचा झोत येतो आणि ‘स’नंतरच्या ‘प’बरोबर येत नाही, पण तिथे तो झोत शब्द बदलत नाही, म्हणून इंग्रजी माणसाला तो ऐकूच येत नाही. उलट ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतल्या फरकावर इंग्रजीत शब्द बदलतात आणि आपल्याला तेच प्रयासाने शिकावे लागते, कारण आपला ‘व’ दोन्ही प्रदेशांवर पसरलेला आहे.

आता सुरुवातीच्या टिंबाकडे परत जाता येईल. ‘मन’ आणि ‘मण’ या जोडीवरून न् आणि ण् हे मराठीत वेगळे स्वनिम ठरतात. पण ‘पंत’ किंवा ‘खंड’मधल्या अनुस्वाराच्या जागी बोलणाऱ्याला निवडच नसते, पुढचे व्यंजन जे असेल त्याप्रमाणे अनुनासिक ठरते. जो विरोध एका जागी अर्थ बदलतो, तोच दुसऱ्या जागी निष्प्रभ होतो. त्रुबेत्स्कोय यांनी या घटनेचे सविस्तर विवेचन केले आहे, आणि जिथे निवड नाही तिथे एका टिंबाने भागते हे आपल्या लिपीने न बोलता मान्य केले आहे. दोन ‘ज’च्या बाबतीत मात्र हीच लिपी उणी पडते. आणि ज्या बोलींत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतात, तिथला ‘न’ हा प्रमाण मराठीतला ‘न’ नव्हेच. उच्चार तोच असला तरी त्याला ‘ण’चा शेजार नाही, म्हणून त्याचे मूल्य निराळे.

याकॉबसन आणखी खोल गेले. स्वनिम हाही शेवटचा तुकडा नाही. तो भेदक लक्षणांचा जुडगा आहे. क आणि ख यांत जे नाते, तेच ग आणि घ यांत. क आणि ग यांत जे नाते, तेच त आणि द यांत. पाच उच्चारस्थाने, घोष (म्हणजे उच्चारताना कंठात होणारे कंपन) असणे-नसणे आणि महाप्राण असणे-नसणे, एवढ्या सामग्रीतून वर्णमालेतील पाचही वर्गांची पहिली चार-चार अक्षरे, म्हणजे एकूण वीस व्यंजने तयार होतात. ज्याने लहानपणी बाराखडीआधी ही वर्णमाला रांगेने पाठ केली, त्याला याकॉबसन समजायला फारसा वेळ लागू नये.

अमेरिकेतला संरचनावाद वेगळ्या गरजेतून वाढला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या शेकडो भाषांना लिपी नव्हती, जुने ग्रंथ नव्हते, त्यामुळे इतिहासाचा मार्ग बंदच होता. लॅटिनचे व्याकरण या भाषांवर लादू नये, प्रत्येक भाषेचे वर्णन तिच्याच घडणीतून करावे, हा आग्रह फ्रान्झ बोआस यांनी धरला. त्यांचे शिष्य एडवर्ड सपीर यांनी 1933 च्या एका लेखात दक्षिण पायूट भाषेच्या भाषकाबरोबरचा अनुभव नोंदवला आहे. त्या भाषेत दोन स्वरांमधला ‘प’ हा ‘व’सारखा मऊ होतो. पण एका शब्दाची अक्षरे सुटी करून म्हणायला सांगितल्यावर त्या भाषकाने दुसऱ्या अक्षरातही स्पष्ट ‘प’च म्हटला. कानाने ‘व’सारखा नाद टिपलेला आणि मनाने ‘प’ सांगितलेला. स्वनिम ही केवळ अभ्यासकाची सोय नसून बोलणाऱ्याच्या मनातली वस्तू आहे, यासाठी इतका नेमका पुरावा क्वचितच मिळाला असेल.

त्याच वर्षी लेनर्ड ब्लूमफील्ड यांचा ‘लँग्वेज’ हा ग्रंथ आला आणि पुढची दोन दशके अमेरिकी भाषाविज्ञानावर त्याचा अंमल राहिला. ब्लूमफील्ड हे पाणिनीचे मोठे चाहते होते आणि मानवी बुद्धीच्या थोर स्मारकांत ते पाणिनीच्या व्याकरणाची गणना करत. मनात काय चालते हे पाहता येत नाही, तेव्हा जे ऐकू येते त्यावरच शास्त्र उभारावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्यानंतरच्या पिढीने, विशेषतः झेलिग हॅरिस यांनी, ही पद्धत इतकी घट्ट केली की कोणता घटक कोणत्या घटकांच्या शेजारी येतो, एवढ्याच माहितीवर सबंध व्याकरण उभारण्याचा प्रयत्न झाला. अर्थ हा त्यात जवळजवळ अडगळीचा विषय ठरला.

ही चौकट अपुरी असल्याचे हॅरिस यांच्याच विद्यार्थ्याने, नोम चॉम्स्की यांनी 1957 नंतर दाखवले. ‘त्याने मला जायचे वचन दिले’ आणि ‘त्याने मला जायची परवानगी दिली’ ही वाक्ये शेजारी ठेवा. शब्दांचा क्रम तोच, विभक्ती त्याच. पण पहिल्यात जाणारा ‘तो’ आहे आणि दुसऱ्यात ‘मी’. वरवरची मांडणी कितीही बारकाईने तपासली तरी हा भेद तिच्यात लिहिलेला नाही. शिवाय बोलणारा माणूस कधीही न ऐकलेली वाक्ये सतत तयार करतो, आणि गोळा केलेल्या वाक्यांचे वर्गीकरण करून त्या क्षमतेचे स्पष्टीकरण होत नाही. दुसरीकडून विल्यम लबॉव यांनी 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या बोलण्याचा अभ्यास करून दाखवले की, प्रत्यक्ष बोलण्यातली जी विविधता सोस्यूर यांनी बाजूला ठेवली होती, तिलाही वर्ग आणि प्रसंग यांनुसार शिस्त असते. हे दोन्ही आक्षेप मला रास्त वाटतात. पण चॉम्स्की यांच्या ध्वनिविचारातही याकॉबसन यांची भेदक लक्षणेच पायाला आहेत, हे विसरून चालणार नाही.

भाषाविज्ञानात संरचनावादाला ओहोटी लागत असतानाच तो इतर विद्यांत पसरला. दुसऱ्या महायुद्धामुळे न्यूयॉर्कला आलेले याकॉबसन आणि मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांची तिथे गाठ पडली, आणि लेव्ही-स्त्रोस यांनी 1949 मध्ये नातेसंबंधांवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला तो नात्यांना व्यवस्थेतील विरोध मानून. पुढे त्यांनी पुराणकथांनाही तोच न्याय लावला. रोलां बार्थ यांनी जाहिराती आणि पोशाख चिन्हव्यवस्था म्हणून वाचले, झाक लकां यांनी मनोविश्लेषणात चिन्हक आणला, आणि झाक देरिदा यांनी 1967 मध्ये सोस्यूर यांचाच भेदाचा सिद्धान्त त्यांच्यावर उलटवून, भेद कुठेच थांबत नसतील तर अर्थ तरी कुठे थांबेल, असा प्रश्न उभा केला. या सगळ्यात चमकदार लेखन पुष्कळ आहे. पण ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांत फरक आहे की नाही, हे कोणत्याही मराठी भाषकाला विचारून ठरवता येते. पुराणकथेतील दोन घटकांत विरोध आहे की नाही, हे ठरवण्याची तशी परीक्षा कोणाजवळ नाही. संज्ञा उसन्या नेल्या गेल्या, कसोटी मागेच राहिली.

हॅरिस यांच्या शेजाराच्या पद्धतीला मात्र अनपेक्षित पुनर्जन्म मिळाला. आजच्या संगणकीय प्रणाली शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरूनच करून घेतात : जे शब्द सारख्या संदर्भांत येतात, त्यांना आकड्यांच्या अवकाशात जवळजवळ बसवले जाते. त्यात एक गंमत वारंवार दिसते. ‘चांगला’च्या अगदी जवळ ‘वाईट’ सापडतो आणि ‘काल’च्या जवळ ‘उद्या’, कारण वाक्यात हे शब्द एकाच जागी बसतात. निवडीच्या नात्यातले स्पर्धक कोण हे संगतीवरून नीट कळते. ते एकमेकांचे विरोधी आहेत की सोबती, हे तेवढ्यावरून सहजी कळत नाही.